१९७३ च्या सफारीची डॅटसन २४०झेड पुन्हा बांधायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात तुम्ही १९७२ ची डॅटसन २४०झेड घेतली आहे. डाव्या हाताचं स्टिअरिंग, गाडी चालती आहे, पण पत्र्याला ठिकठिकाणी गंज. शेखर मेहतांनी १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली ज्या २४०झेडवर जिंकली, तिची प्रतिकृती करायची आहे. सुरुवात कुठून करायची, इंजिन कोणतं, पैसा कुठे जातो आणि स्टिअरिंग उजवीकडे घ्यावं का, असं विचारलंय. काका म्हणून हाक मारलीत, तेव्हा आडपडदा न ठेवता सांगतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात लेथ आणि गॅस वेल्डिंग शिकलो, १९८४ मध्ये नैरोबीला आलो आणि इथलाच झालो. इथे कारागिराला ‘फुंडी’ म्हणतात, मग तो सुतार असो की मेकॅनिक. २००३ मध्ये जुन्या गाड्यांची सफारी क्लासिक सुरू झाली, तेव्हापासून जुन्या रॅली गाड्या बांधणं हेच पोटापाण्याचं काम झालं. फोर्ड एस्कॉर्ट बऱ्याच केल्या, झेड पाच. त्या पाचांतल्या दोन मी चुकीच्या बांधल्या, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

‘सफारी झेड’ अशी एक गाडी नाही, हे आधी डोक्यात बसवा. १९७१ ची सफारी एडगर हेरमान आणि त्यांचे नॅव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून वाट सांगणारे, हान्स श्युलर यांनी २४०झेडवर जिंकली, त्या वर्षी मेहता दुसरे आले, तेही २४०झेडवरच. १९७२ ला फोर्ड एस्कॉर्टवर मिकोला जिंकला. १९७३ ला मेहता आणि लॉफ्टी ड्रूज पुन्हा झेडवर. जागतिक रॅली अजिंक्यपद त्याच वर्षी सुरू झालं होतं आणि सफारी त्यातली एक फेरी होती. मेहता आणि हॅरी शेलस्ट्रोम यांचे दंडाचे गुण शेवटी सारखेच निघाले, शेलस्ट्रोमची गाडीही डॅटसनच, पण १८००एसएसएस. बरोबरी सोडवून विजेता ठरवावा लागला. १९७१ आणि १९७३ च्या या दोन विजेत्या झेड भावंडं आहेत, जुळी नाहीत. दिवे, नंबरांची जागा, स्टिकर, अँटेना, सगळ्यात फरक सापडतात. लोक दोन्हींचे फोटो एकत्र करून तिसरीच गाडी बांधतात. एक गाडी धरा, तिच्या एकाच रॅलीतले जमतील तेवढे फोटो गोळा करा आणि इतर वर्षांचे फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकून कुलूप लावा. त्यातही सुरुवातीच्या रॅम्पवरचा फोटो आणि शेवटच्या दिवशीचा फोटो यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कोणत्या क्षणाची गाडी करायची, तेही ठरवा.

मेहता कंपालात जन्मलेले, भारतीय वंशाचे. पुढे त्यांनी १९७९ ते १९८२ सलग चार वेळा सफारी जिंकली, म्हणजे एकूण पाच. त्यांच्या आधी जोगिंदर सिंग. त्यांनी १९६५ ला व्होल्वोवर जिंकली, मग १९७४ आणि १९७६ ला मित्सुबिशी लान्सरवर. जोगिंदर हे मुळात मेकॅनिक. इथल्या जुन्या गॅरेजवाल्यांना आजही त्याचा अभिमान आहे आणि मीही त्यातलाच.

आता रस्ता. रस्ता कळल्याशिवाय ही गाडी कळत नाही. इथे कच्च्या रस्त्याला ‘मुरम’ रोड म्हणतात. मी आलो तेव्हा पहिल्यांदा ऐकून हसलो होतो. आपला मुरूमच तो, रेल्वेच्या जमान्यात आपल्याकडच्या माणसांबरोबर शब्द इकडे आला असावा. दुसरी माती ‘ब्लॅक कॉटन’, म्हणजे आपली काळी रेगूर. सफारी ईस्टरच्या सुट्टीत व्हायची आणि तेव्हाच इथला मोठा पाऊस सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला पावसात काळ्या रानात गाडी घालणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. चाकाला माती चिकटते, तिला आणखी माती चिकटते आणि चाक मडगार्डमध्ये अडकून बसतं. तासाभराने ऊन पडलं की त्याच मातीचं काँक्रीट होतं. पुढच्या टप्प्यावर मुरूम, आणि त्यातून उडणारी लाल पिठासारखी धूळ. हे सगळं हजारो किलोमीटर, रहदारी चालू असलेल्या रस्त्यांवरून. वाटेत गाई, मटाटू (इथल्या भाड्याच्या छोट्या बस), जिराफ.

त्या गाडीवरची जी जी गोष्ट तुम्हाला विचित्र वाटते, ती कुठल्यातरी खड्ड्याला, धुळीला नाहीतर चिखलाला दिलेलं उत्तर आहे. बॉनेट मॅट काळं का? शोभेसाठी नाही. झेडचं बॉनेट लांबलचक, दुपारचं ऊन त्यावरून थेट डोळ्यांत येतं. गाडी उंच का? मधल्या सरीवर पोट घासू नये म्हणून. प्रश्न माहीत नसताना उत्तराची नक्कल केली की काय होतं, ते माझ्या पहिल्या झेडने दाखवलं. स्प्रिंग उंच लावल्या, गाडी फोटोसारखी दिसली, आणि चारशे किलोमीटरमध्ये मागच्या एक्सलचे क्रॉस, म्हणजे एक्सलला कोनात फिरू देणारे सांधे, गेले. ते पुढे सांगतो.

स्टिअरिंगचं आधी संपवतो. सफारीतल्या झेड उजव्या हाताच्या होत्या. निर्यातीच्या उजव्या हाताच्या गाडीचा चेसी नंबर एचएस३० ने सुरू होतो, डाव्या हाताचा एचएलएस३० ने. तुमचा एचएलएस३० असणार. स्टिअरिंग बदलायचं म्हणजे डॅशबोर्ड, पेडल बॉक्स, फायरवॉलची भोकं, वायपरची यंत्रणा, स्टिअरिंग रॅक आणि त्याच्या जागा, सगळंच. एवढं करूनही जाणकार माणूस नंबराचा पत्रा बघून एका सेकंदात ओळखतो. माझं मत स्पष्ट आहे, डावीकडेच राहू द्या. प्रतिकृती ही प्रतिकृती म्हणून सांगायची असते. आणि काही झालं तरी चेसी नंबराला हात लावू नका. दुसरा नंबर कोरणं, दुसऱ्या गाडीची पट्टी लावणं, हा गुन्हा आहे, हौस नाही.

आणखी एक. गाडी आतून बरी निघाली, मूळ पत्रा, मूळ रंग, मूळ इंजिन, तर ती कापू नका. चांगल्या २४०झेड आता फार उरल्या नाहीत. तशी निघाली तर ती तशीच नीट करा आणि रॅलीसाठी एखादी आधीच वाया गेलेली शोधा. तुम्ही गंजाचं लिहिलंय म्हणून पुढचं लिहितो.

सुरुवात पत्र्यापासून. रंग खरवडायच्या आधी एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक थोडं बोथट केलेलं, आणि खाली झोपा. पहिली जागा बॅटरीखालचं तबक. बॅटरीतलं ॲसिड वर्षानुवर्षं तिथून ठिबकतं आणि तबकच नव्हे, त्याच्या खालून जाणारी चौकोनी रेल खातं. टोकाने दाबा. ‘टक’ असा आवाज आला तर ठीक. टोक सुरीसारखं आत गेलं तर तुमचं बजेट तिथल्या तिथे बदललं. मग विंडशील्डखालचा भाग, जिथे पाणी निचरायची वाट पानांनी तुंबते. मग फरशी आणि फरशीखालच्या रेल. मग मागच्या चाकाच्या पुढचा खालचा कोपरा, स्टेपनीची विहीर आणि डिकीच्या दाराखालची पट्टी. या जागा सोडून झेड गंजतच नाही असं नाही, पण या जागा सोडत नाही.

एका गिऱ्हाइकाने मला परदेशातून ‘पूर्ण दुरुस्त’ म्हणून विकत घेतलेली झेड आणून दिली होती. रंग आरशासारखा. मी दाराखालच्या पट्टीच्या, म्हणजे सिलच्या, मागच्या टोकावर लोहचुंबक ठेवलं, ते घसरून पडलं. दुसरीकडे ठेवलं, पुन्हा पडलं. ग्राइंडर लावला तर बोटभर पुट्टी आणि तिच्या खाली वर्तमानपत्र कोंबलेलं. वरून कीर्तन, आतून तमाशा. कोणत्या गॅरेजने केलं ते सांगत नाही. पण तेव्हापासून मी गाडी बघायला जाताना लोहचुंबक खिशात ठेवतो.

कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडव्या नळ्या टाका. झेडचा सांगाडा वेगळा नाही, पत्र्याचा डबा हाच सांगाडा. फरशी काढलीत की दोन्ही टोकं आपल्या मनाने वाकतात आणि नवीन फरशी टाकल्यावर दार लागत नाही. कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा, दर वेल्डिंगनंतर पुन्हा मोजा. कागदावर नको, कागद हरवतो.

जोडावरचे टाके वाढवायचे, पण सलग वेल्ड मारायचा नाही. इंचभर टाका, दोन इंच मोकळं, आणि एका बाजूने सरळ जात राहायचं नाही, इकडे एक तिकडे एक. नाहीतर उष्णतेने पत्रा पापडासारखा लहरतो. जास्तीची ताकद कुठे द्यायची? पुढच्या शॉकअपच्या वाटीभोवती, स्टिअरिंगच्या आडव्या बीमच्या जागी, मागे डिफरेन्शियल (इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी) लटकतं तिथे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या टेन्शन रॉडची वाटी.

या वाटीवर थोडा वेळ घालवतो, कारण बाहेरच्या लोकांना ही जागा माहीत नसते. पुढच्या चाकाचा खालचा आर्म आडवा एका बोल्टवर डुलतो. त्याला पुढे-मागे जाऊ न देण्याचं काम एक लांब सळई करते. ती आर्मपासून मागे जाते आणि रेलला जोडलेल्या एका वाटीत दोन रबरी बुशांमध्ये पकडली जाते. ब्रेक मारला किंवा चाक दगडावर आपटलं की सगळा धक्का त्या सळईतून वाटीत. मुरुमावर हे दिवसाला हजारो वेळा. लोक काय करतात? रबर काढून दोन्हीकडे कडक पॉलीयुरेथेन बुश घालतात. स्टिअरिंग छान घट्ट वाटतं. पण चाक वर-खाली होताना त्या सळईला वाटीत थोडं वाकडं व्हावं लागतं. दोन्हीकडे कडक बुश असेल तर ती वाकडी होत नाही, वाकते. आणि रोज थोडी वाकणारी सळई एक दिवस आट्यांच्या मुळाशी तुटते. चाक मागे सरकून मडगार्डला भिडतं आणि मग गाडी कुठे जाईल ते तुमच्या हातात नसतं. माझ्याकडे अशी एक तुटलेली सळई खिळ्याला टांगलेली आहे. तुटलेल्या तोंडावर अर्धा भाग काळा पडलेला, अर्धा चकचकीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर, कित्येक दिवस ती तिथे होती आणि कोणी बघितली नव्हती. ब्रेकचा भार पुढचं बुश घेतं, तिथे कडक चालेल. मागे रबरच ठेवा. वाटीला बाहेरून त्रिकोणी पट्ट्या लावून रेलमध्ये दूरपर्यंत बांधून घ्या. दर टप्प्यानंतर पुसून, बॅटरीच्या उजेडात बघा.

आता मागचा भाग, म्हणजे माझी पहिली चूक. झेडला मागच्या चाकांनाही स्वतंत्र सस्पेन्शन आहे, डिफरेन्शियल मधे टांगलेलं आणि दोन्हीकडे क्रॉस असलेले छोटे एक्सल. गाडी उंच केली की एक्सल कायम उतरत्या कोनात राहतात. चाक खड्ड्यावरून उडून लटकलं की कोन आणखी वाढतो आणि क्रॉस आपल्या हद्दीबाहेर जाऊन घासतात. सुरुवातीच्या गाड्यांत डिफरेन्शियल थोडं पुढे होतं, त्यामुळे एक्सल वरून बघितलं तरी तिरके. १९७१ च्या मध्यानंतर ते ३५ मिलिमीटर मागे घेतलं गेलं. तुमची १९७२ ची म्हणजे त्या बाबतीत नशीबवान. तरी उपाय करावाच लागतो. चाक खाली किती लटकेल त्याला मर्यादा घाला, शॉकअपच्या आत नाहीतर पट्टा लावून. आणि उंची हावऱ्यासारखी वाढवू नका. सफारीची उंची म्हणजे जीप नव्हे. मी बेताच्या उंचीवर लांब चाल असलेले शॉकअप वापरतो. त्यांचा खर्च दुखतो, पण क्रॉस बदलण्याचा खर्च अंधारात, पावसात, झोपून करायचा असतो.

डिफरेन्शियलच्या नाकाखाली एक रबरी माउंट असतो. जोर लावला की नाक वर उचलतं, रबर फाटतं आणि गिअर बदलताना ‘ठक’ असा आवाज येऊ लागतो. तुमच्या गाडीत तो आत्ताच येत असेल तर नवल नाही. वरून दाबून धरणारा माउंट लावा. मूळ डिफरेन्शियल आर१८० जातीचं, म्हणजे त्यातली मोठी गराडी १८० मिलिमीटरची. नंतरच्या २८०झेडमध्ये आर२०० आलं, जड पण दणकट. हौसेने चालवायला आर१८० पुरतं. तुमच्याकडे सुबारू एसटीआयमधून निघालेली, आत लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं फिरत राहू नये म्हणूनची यंत्रणा) असलेली आर१८० मिळतात, थोडे बदल करून बसतात. रेशो मात्र आखूड घ्या, म्हणजे आकड्याने मोठा. अमेरिकेतल्या मूळ गाडीचा रेशो हायवेसाठी आहे. चिखलात तुम्हाला टॉप स्पीडची गरज नाही, दुसऱ्या गिअरमध्ये ओढ हवी. आणि गिअरबॉक्स अमेरिकेत चार गिअरचा आला होता, पाचचा शोधा.

ब्रेकबद्दल फार नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम, नळ्या सगळ्या नव्या आणि शक्य तेवढ्या गाडीच्या आतून. बाहेरून गेलेली नळी दगड कापतो. इंधनाची नळीही आतून, आणि सायलेन्सरपासून लांब. उकाड्यात पेट्रोल नळीतच उकळलं तर पंप नुसता हवा ढकलत बसतो.

धूळ हा वेगळा अध्याय आहे. झेड चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की डिकीच्या फटीतून सायलेन्सरचा धूर आत येतो. मागच्या उतरत्या काचेमागे हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरचं सगळं आत खेचलं जातं. तुमच्या हायवेवर धूर येतो, इथे धूळ येते. दुसऱ्या झेडची चाचणी घ्यायला आम्ही नैरोबीहून दक्षिणेला गेलो होतो. परत आल्यावर नॅव्हिगेटरने हेल्मेट काढलं तर चेहऱ्यावर हेल्मेटच्या आकाराचा लाल मुखवटा, आणि त्याच्या वहीची पानं एकमेकांवर घासली की किरकिर वाजत होती. दाराचे रबर बदलले होते, पण मागच्या दिव्यांची गॅस्केट तशीच होती. तिथून, वायरींच्या भोकांतून आणि डिकीच्या पट्टीतून धूळ येत होती. एक युक्ती सांगतो. रात्री गाडीच्या आत झगझगीत दिवा लावा आणि बाहेरून अंधारात फिरा. जिथे उजेड दिसेल तिथे धूळ शिरेल. एकेक भोक बुजवा. मग छताला पुढच्या बाजूला हवा आत घेणारी झडप लावा, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जरा जास्त राहतो आणि धूळ फटीतून बाहेर ढकलली जाते. ही झडप फक्त दिसायला लावून आतून बंद ठेवणारे लोक मी बघितले आहेत. काय बोलणार.

इंजिनवर तुम्ही प्रश्नातला निम्मा भाग खर्च केलाय. मी तेवढं लिहिणार नाही. मूळ एल२४, २३९३ सीसी, ओळीत सहा सिलिंडर, लोखंडी ब्लॉक. हे इंजिन मारूनही मरत नाही. एल२८ बाहेरून जवळपास तसंच दिसतं, सरळ बसतं, जोर जास्त. ऐतिहासिक गटात स्पर्धा करायची असेल तर एल२४ च ठेवा, नाहीतर तपासणीत घरी पाठवतील. फक्त हौसेने चालवायची असेल तर एल२८ ला माझी हरकत नाही, पण कोणी विचारलं तर खरं सांगा. कॅम, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, जास्त तिखट घेऊ नका. तीन हजारापासून ओढणारं इंजिन हवं. तुमच्या १९७२ च्या गाडीवरचे गोल डोक्याचे हिटाची कार्ब्युरेटर चांगले आहेत. १९७३ च्या अमेरिकन गाड्यांवर चपटे आले, ते असते तर मी पहिल्या दिवशी काढायला सांगितले असते. पुढे तीन दुहेरी कार्ब्युरेटर लावायचे असतील तर आधी एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरमधून गाळलेली हवा कार्ब्युरेटरला देणारी पेटी, नीट करा, मग कार्ब्युरेटर विकत घ्या.

नीट म्हणजे कसं? टप्पा संपला की फिल्टर काढा, तोंडाच्या आत बोट फिरवा आणि ते बोट दातांमध्ये घासा. कच लागली तर ती कच रिंगांतही गेली आहे. गलिच्छ वाटतं, पण याहून भरवशाचं मीटर मला अजून मिळालेलं नाही.

या इंजिनाची एक खोडी. काही हेडमध्ये कॅमवर तेल फवारणारी बारीक नळी असते. तिचे सांधे सैल होतात, तेल भलतीकडे जातं आणि कॅमच्या टोकाकडचे उंचवटे (लोब) घासून सपाट होतात. झाकण उघडून, इंजिन स्टार्टरवर फिरवून प्रत्येक भोकातून तेल येतंय का बघा. पुढच्या टोकाच्या डॅम्पर पुलीचं रबर पन्नास वर्षांचं आहे हेही लक्षात ठेवा. ते सरकलं की टायमिंगची खूण खोटं बोलू लागते आणि तुम्ही कार्ब्युरेटरला शिव्या देत बसता.

खालचा संरक्षक पत्रा सहा मिलिमीटर ॲल्युमिनियमचा, गिअरबॉक्सपर्यंत. त्याला निचऱ्याची भोकं हवीत. काळी माती आत भरून वाळली की इंजिनाभोवती भट्टी तयार होते आणि तेल तापतं. माझ्या इथल्या जुआ काली पोराने, म्हणजे उघड्यावर उन्हात बसून काम करणाऱ्या कारागिराने, भोकं पाडण्याऐवजी मागची कड इंचभर वर वळवली. चिखल स्वतःच सांडतो. तेव्हापासून सगळ्या गाड्यांना तसंच.

वायरिंग पूर्ण नवीन करा. झेडमध्ये दिव्यांचा सगळा करंट स्विच आणि फ्यूज बॉक्समधून जातो आणि फ्यूज बॉक्स वितळतो, हे सगळ्या झेडवाल्यांचं जुनं दुखणं. त्यात तुम्ही १०० वॉटचे चार जादा दिवे लावणार. हिशेब करा, ४०० वॉट म्हणजे १२ व्होल्टला ३३ अँपिअर. मूळ अल्टरनेटर तिथेच संपला. प्रत्येक जोडीला वेगळा रिले, मोठा अल्टरनेटर. दिव्यांचे ब्रॅकेट पातळ पट्टीचे करू नका. मुरुमावर ते थरथरतात आणि उजेड झाडांवर नाचतो.

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतली माणसं वाचावीत म्हणून बसवलेला नळ्यांचा पिंजरा, त्याबाबत जुन्या फोटोंची नक्कल अजिबात करू नका. त्या काळचे लोक ज्या केजवर समाधानी होते, त्यावर आज मी माझ्या पोराला बसवणार नाही. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमात मुख्य कमान ४५ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि २.५ जाडी, किंवा ५० आणि २.०, अखंड ओढलेली नळी. बाकीच्या नळ्या ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २.०. पायाखाली किमान १२० चौरस सेंटिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची प्लेट. पण ती प्लेट ज्या फरशीवर बसणार ती फरशी खरी हवी, म्हणून वर पत्र्यावर एवढं लिहिलं. केज करून मगच सीट, पट्टे. दोन्हींवर मुदत छापलेली असते, जुन्या बाजारातून स्वस्तात घेऊ नका. चाकांचंही तेच. त्या काळातली मॅग्नेशियमची चाकं दिसायला देखणी, पण मॅग्नेशियम वयाने चिरतं. भिंतीवर लावा आणि गाडीला आजचं ओतीव १४ इंची चाक घाला, ११४.३ च्या चार बोल्टचं.

रंग शेवटी. एक गंमत सांगतो. डॅटसनच्या रंगतक्त्यात ‘सफारी गोल्ड’ नावाचा सोनेरी-तपकिरी रंग होता. एक गिऱ्हाईक नाव वाचून तोच घेऊन आलं होतं. सफारी जिंकणाऱ्या गाड्या लाल होत्या, बॉनेट काळं. लाल नेमका कोणता, यावर लोक तासन्‌तास भांडतात. जुन्या छापील फोटोत रंग उडालेला असतो, त्यावरून ठरवू नका. जिंकलेली १९७१ ची गाडी निसानने जपानमध्ये झामा इथल्या संग्रहात ठेवली आहे. दिवसाच्या उजेडात काढलेले तिचे फोटो मिळाले तर ते जवळचे. ती १९७१ ची आहे हे मात्र विसरू नका.

पैशाचं. डॉलरमधला आकडा मी देणार नाही, तुमच्याकडची मजुरी मला ठाऊक नाही. पण माझ्या पाचही गाड्यांत निम्म्याच्या आसपास पैसा पत्र्यात आणि केजमध्ये गेला, बहुतेक गिऱ्हाइकांनी तो आधी इंजिनासाठी बाजूला ठेवलेला होता. वेळ दीड ते दोन वर्षं, रोज काम चालू असेल तर. शनिवार-रविवारी करणार असाल तर घरी आधीच सांगून ठेवा. आणि अखेरच्या महिन्यात कधीही घाईने रॅलीची एंट्री भरू नका. सगळं बांधून झालं की पाचशे किलोमीटर वाईट रस्त्यावर चालवायची, मग पुन्हा सगळी उघडायची, प्रत्येक बोल्टला पान्हा लावायचा. माझ्याकडे घट्ट केलेल्या बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरलाय.

तर आत्ता काही विकत घेऊ नका, इंजिन तर नाहीच. बॅटरी आणि तिचं तबक काढा, खालची रेल तारेच्या ब्रशने साफ करा, स्क्रूड्रायव्हर लावा आणि फोटो पाठवा. एक वरून, एक चाकाच्या बाजूने. टेन्शन रॉडच्या दोन्ही वाट्यांचेही पाठवा, माती पुसून. ते बघितल्यावर ही गाडी कापायची की दुसरी शोधायची, ते सांगतो.